फोनचं, पायाचं, चपलांचं

रेडिओ केंद्रात त्यांना सगळे कात्रीसाहेब म्हणत. म्हणजे समोर कात्रीसाहेब, आणि पाठ वळली की नुसतं कात्री. खरी कात्री त्यांच्या टेबलावर कधीच नव्हती. कॉफीचं पाकीट फोडायचं झालं तरी ते हिशेब खात्यातून मागून आणत. नाव पडलं होतं ते कामावरून. नवं गाणं केंद्रात आलं की आधी त्यांच्याकडे जायचं. हेडफोन चढवून ते थेट मुखड्याशी जाऊन उभे राहत, त्याचा सात सेकंदांचा तुकडा अलगद कापून काढत आणि उरलेलं गाणं, मासा साफ करताना डोकं-शेपूट बाजूला सारावं तसं, बाजूला सारत.

तो तुकडा मग लोकांना ऐकवायचा. कधी फोनवरून, कधी भाड्याच्या हॉलमध्ये खुर्च्या मांडून. प्रश्न तीनच. हे गाणं माहीत आहे का? आवडतं का? कंटाळा आला का? बाहेरच्या माणसाला वाटे की दुसरा प्रश्न महत्त्वाचा. कात्रीसाहेबांचा सगळा भरवसा तिसऱ्यावर.

"आवडतं, असं माणूस भिडेखातर म्हणतो," ते नव्या लोकांना समजावत. "कंटाळा आला, असं भिडेखातर कोणी म्हणत नाही. कंटाळा ही ओळखीची सगळ्यात पक्की खूण. लग्न झालेल्या कोणालाही विचारा."

शेवटचं वाक्य ते घरी म्हणत नसत.

खात्यात माणसं दोन. दुसऱ्या म्हणजे फोनताई. कात्रीसाहेबांनी कापायचं आणि फोनताईंनी फोन लावून ऐकवायचं, अशी वाटणी गेली वीस वर्षं चालत आली होती. फोनताईंच्या आवाजात काय होतं कोण जाणे. "आत्ता वेळ नाही" एवढं सांगायला फोन उचललेली बाई दहा मिनिटांनी त्यांना सासूच्या मोतीबिंदूबद्दल सांगत असायची. कितीतरी घरांतल्या कुरबुरी फोनताईंना तोंडपाठ होत्या, आणि त्यातल्या काही त्यांनी मिटवल्याही होत्या. त्याचे पैसे वेगळे मिळत नसत.

सगळं सुरळीत चाललं असताना मालकीणबाईंच्या मनात आलं की आपली दोन केंद्रं एक करावीत.

मालकीणबाईंची दोन केंद्रं होती. एक जुन्या गाण्यांचं, एक नव्या गाण्यांचं. जुन्याचे श्रोते दर वर्षी थोडे कमी होत होते, आणि ज्या कारणाने कमी होत होते ते बघता परत येतील अशी आशा नव्हती. नव्याचे श्रोते रेडिओ नावाची वस्तू कुठे मिळते असं विचारत होते. तेव्हा मालकीणबाईंनी दोन्ही केंद्रांतल्या लोकांना बोलावून घोषणा दिली, "घर एक, रेडिओ एक." टाळ्या पडल्या. टाळ्या संपल्यावर त्यांनी कात्रीसाहेबांना थांबवून घेतलं.

"पहिल्या दिवशी, पहिल्या मिनिटाला जे गाणं लागेल ना," त्या म्हणाल्या, "ते आजीला, सुनेला नि नातीला, तिघींना माहीत असलं पाहिजे. मला तसं एक गाणं द्या."

"आहेत की, बाई. जुन्यातली पन्नास सांगतो."

"जुनं नको. जुनं लावलं तर तरुण म्हणतील म्हाताऱ्यांनी केंद्र गिळलं. गेल्या पंधरा वर्षांतलं द्या. पॉप. पोरं ऐकतात तसलं, पण म्हातारीलाही येणारं."

"आणि नाही मिळालं तर?"

मालकीणबाईंनी चष्मा काढून पुसला. कोणाला नोकरीवरून काढायचं असलं की त्या चष्मा पुसत, हे साऱ्या इमारतीला माहीत होतं.

"माझा भाचा एक सॉफ्टवेअर विकतो," त्या म्हणाल्या. "ते म्हणे हेच काम करतं. त्याला पगार लागत नाही. सोमवारी तो दाखवायला येतोय. तोवर तुम्हाला सापडलं तर तुमचं खातं राहील. नाही सापडलं तर मला तरी दोन्ही कशाला पाहिजेत?"

कात्रीसाहेब जागेवर येऊन बसले. या वयात दुसरीकडे नोकरी मागायला जायचं म्हणजे समोरचा विचारणार, तुम्ही काय करता? आणि हे सांगणार, मी गाणी कापतो.

"काय म्हणाल्या?" फोनताईंनी विचारलं.

"चष्मा पुसला."

"दोन्ही काचा?"

"दोन्ही."

फोनताईंनी एक सुस्कारा सोडला आणि त्या कामाला लागल्या. शनिवारी हॉल घ्यायचं ठरलं. आजी-आजोबा, आई-बाबा नि पोरं असे तीन पिढ्यांचे लोक एकाच घरातून यावेत असा बेत होता, म्हणजे गाडीभाड्यात बचत. फोनताईंनी ओळखीपाळखीतली घरं गोळा केली. कात्रीसाहेबांनी गेल्या पंधरा वर्षांत गाजलेल्या झाडून साऱ्या गाण्यांचे तुकडे काढून ठेवले. प्रत्येकाचा मुखडा, प्रत्येकाचे सात सेकंद. कापलेल्या कडा इतक्या सफाईच्या की ऐकणाऱ्याला गाणं कापलंय असं वाटू नये. देवानेच एवढं केलंय असं वाटावं.

शनिवारचा निकाल आजोबांच्या घोरण्याने लागला. पुढच्या रांगेतले एक आजोबा पहिल्याच तुकड्याला झोपले आणि बाकीच्यांना ती सूचना वाटली. पोरांना माहीत होतं ते आयांना माहीत नव्हतं. आयांना माहीत होतं ते ऐकून पोरं एकमेकांकडे बघून हसत होती. आज्यांना एकही तुकडा माहीत नव्हता, पण प्रत्येक तुकड्याचा कंटाळा मात्र आलेला होता, त्यामुळे कात्रीसाहेबांचा तिसरा प्रश्नही बाद झाला. अख्ख्या हॉलने एकमुखाने ओळखला असा एकच तुकडा निघाला, आणि तो गाण्याचा नव्हता. भांडी घासायच्या साबणाची जाहिरात होती. कात्रीसाहेबांच्या हातून चुकून मध्ये शिरली होती. तिला मात्र आज्यांपासून नातवंडांपर्यंत सगळ्यांनी टाळ्यांचा ठेका धरला.

"साबण लावायचा का पहिल्या मिनिटाला?" खुर्च्या आवरताना फोनताईंनी विचारलं.

"त्या साबणवाल्याने आपल्याला जाहिरात देणं बंद केलंय," कात्रीसाहेब म्हणाले. "फुकट कशाला वाजवायची?"

रविवारी सकाळी त्यांनी शेवटचा उपाय म्हणून घरातल्या माणसांवर प्रयोग करायचं ठरवलं. घरात तीन पिढ्या आयत्याच होत्या. आई, बायको आणि मुलगी. वीस वर्षांत त्यांनी घरच्या कोणाला एक तुकडा ऐकवला नव्हता. नियमच होता तसा. घरचे लोक खरं बोलत नाहीत. पण आता नियम धरून बसण्याची वेळ राहिली नव्हती.

जेवणाच्या टेबलावर त्यांनी लॅपटॉप उघडला आणि शेजारी छोटा स्पीकर ठेवला. आई खिडकीजवळच्या खुर्चीत टोपलीतल्या शेंगा सोलत होती. बायको इस्त्री करत होती. मुलगी सोफ्यावर उताणी पडून फोन बघत होती, ज्याला ती अभ्यास म्हणत असे.

"नोकरीचा प्रश्न आहे," कात्रीसाहेब म्हणाले. "प्रत्येकीने फक्त सांगायचं, माहीत आहे की नाही."

"आणि आवडलं तर?" आईने विचारलं.

"आवडण्याशी आपल्याला देणंघेणं नाही, आई."

एकेक तुकडा वाजू लागला. आई म्हणाली, नाही. बायको म्हणाली, हे आपल्या हॉस्पिटलातल्या रिसेप्शनिस्टच्या लग्नात वाजलं होतं, पण जेवण वाईट होतं. मुलगी म्हणाली, शी. मग 'किल्ली' आलं. 'किल्ली' हे बारा-तेरा वर्षांपूर्वीचं गाणं. त्या वर्षी ते जिथे तिथे वाजायचं. कात्रीसाहेबांनी स्वतः त्याचा मुखडा कापला होता:

*किल्ली तुझ्याकडे राहिली, दार माझ्याकडे राहिलं...*

"नाही," आई म्हणाली.

"कधी ऐकल्यासारखं वाटतंय," बायको म्हणाली, "पण नाही. नाहीच."

"हे कोणी गायलंय? तुमच्या वेळचं आहे?" मुलगी म्हणाली.

"हे तुझ्या जन्मानंतरचं आहे."

"मग मी लहान होते. माझी चूक नाही."

तेवढ्यात फोन वाजला. फोनताईंचा. कात्रीसाहेब उठून गॅलरीत गेले आणि दार ओढून घ्यायला विसरले.

"भाच्याचं उद्या दुपारी नाही, सकाळीच आहे," फोनताई सांगत होत्या. "आणि ऐका, त्याने आपली सगळी गाणी आधीच सॉफ्टवेअरला खाऊ घातलीत. एकही गाणं तिन्ही पिढ्यांना माहीत नाही, असा निकालही लावून ठेवलाय. बाईंना तो आज पाठवणार."

"म्हणजे आपण शनिवारी घाम गाळून जे काढलं तेच?"

"तेच. पण त्याचं रंगीत आहे."

आत टेबलावर लॅपटॉप आपल्या मनाने पुढे गेला होता. तुकड्यांचा कप्पा संपला की खालचा कप्पा उघडायचा आणि त्यात मूळ गाणी होती, अख्खीच्या अख्खी. ती तशीच पडून असायची. तुकडा काढून झाल्यावर त्यांच्याकडे कोण बघतो? पहिलंच 'किल्ली' लागलं. सुरुवातीला एक शीळ होती. एकटा माणूस जिना चढताना घालतो तशी, सावकाश, दोनदा तीच.

कात्रीसाहेबांनी गॅलरीतून पाहिलं. बायकोने इस्त्री उभी केली आणि ती धावत सुटली. शोकेसवरचा फोन उचलला, कानाला लावला आणि श्वास रोखून उभी राहिली.

"कोणाचा आहे?" आईने विचारलं.

"विमावाल्यांचा... अरे? फोन तर लागलेलाच नाही."

बायको हॉस्पिटलात विम्याची बिलं बघायची. विमा कंपनीला फोन लावायचा, "आपला कॉल आमच्यासाठी मोलाचा आहे" ऐकायचं आणि मग माणूस येईपर्यंत ही शीळ ऐकत बसायचं, हे तिचं रोजचं काम. शीळ थांबली की माणूस आला, आणि त्या क्षणी आपण तयार नसलो तर तो फोन ठेवून देतो. त्यामुळे शीळ ऐकली की तिच्या हाताला आपोआप फोन लागत असे. झोपेतसुद्धा.

"फोनताई, एक मिनिट," कात्रीसाहेब म्हणाले, आणि एक मिनिट पुढे तसंच लांबत गेलं.

मुखडा झाला. त्याला कोणी मान वळवली नाही. मुखड्यानंतर नुसत्या वाद्यांचा तुकडा होता, ट्रम्पेट आणि ढोलकीसारखं काहीतरी. तो सुरू झाला तशी आईने शेंगांची टोपली मांडीवरून खाली ठेवली आणि उजवा पाय सरळ वर केला. धरला. खाली ठेवला. मग डावा. चेहऱ्यावर काही नव्हतं. तिची नजर खिडकीबाहेरच होती.

आणि पहिलं कडवं लागताच मुलगी सोफ्यावरून उठली. फोन एका हातात तसाच. एका पायातली चप्पल उडवली, ती टीव्हीखाली गेली. दुसरी उडवली, ती आजीच्या खुर्चीखाली. मग दोन्ही पायांनी एकदम उडी मारली आणि परत उताणी पडली. गाणं म्हणत होतं:

*तू शहर बदललंस, मी फक्त चपला बदलल्या...*

कात्रीसाहेब गॅलरीच्या दारात उभे होते. कानाला फोन होता आणि फोनमध्ये फोनताई "हॅलो, हॅलो" करत होत्या.

"आई," ते म्हणाले, "तू पाय का उचललास?"

"लागलं ना ते."

"काय लागलं?"

"पायाचं." आईने परत टोपली मांडीवर घेतली. "त्या गुडघ्याच्या व्यायामाच्या वर्गात लावतात. संपेपर्यंत पाय खाली ठेवायचा नाही म्हणते ती शिकवणारी पोरगी. आमच्यातल्या निम्म्या बायका ठेवतात."

"आणि तू चप्पल का फेकलीस?"

"बाबा, ते चपलांचं आहे," मुलगी म्हणाली. जगातल्या सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट एकट्या बापाला सांगावी लागते, त्या सुरात. "जुन्या चपला उडवायच्या आणि उडी मारली की व्हिडिओत पायात नवीन असतात. सगळ्यांनी केलंय. आमच्या मुख्याध्यापकांनीही केलं, मग ते काढून टाकायला लागलं."

"हे सगळं एकच गाणं आहे."

तिघींनी त्यांच्याकडे पाहिलं.

"कसं शक्य आहे?" बायको म्हणाली. "माझी तर नुसती शीळ आहे."

"माझ्यात शब्द नाहीत," आई म्हणाली.

"माझं फास्ट असतं," मुलगी म्हणाली.

कात्रीसाहेब टेबलापाशी येऊन बसले. फोनताईंना त्यांनी "नंतर करतो" एवढंच सांगितलं. गेली वीस वर्षं ते मुखडा कापत आले होते, कारण गाणं म्हणजे मुखडा, हे त्यांना कोणी शिकवलेलंही नव्हतं, इतकं ते उघड होतं. आणि इकडे लोक ज्याला जो भाग मिळाला तो घेऊन निघून गेले होते. मुखडा तेवढा कोणी नेला नव्हता. तो कात्रीसाहेबांकडेच राहिला होता.

आणखी एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली, ती त्यांनी कोणाला सांगितली नाही. ते चपलांचं कडवं त्यांनी स्वतःही आजच पहिल्यांदा ऐकलं होतं. त्यापुढे काय आहे ते त्यांना ठाऊक नव्हतं, आणि तेवढ्यात मुलीने "बंद करा ना आता" म्हणून बंद केलं.

सोमवारी सकाळी मीटिंगच्या खोलीत पाच माणसं होती. लांब टेबलाच्या टोकाला मालकीणबाई. त्यांच्या उजव्या हाताला जाहिरात खात्याचे प्रमुख. हे गृहस्थ गाण्यांना 'दोन जाहिरातींमधली जागा' म्हणत. डाव्या हाताला भाचा. भाच्याचे बूट पांढरे होते आणि नाडीशिवायचे. बाकी कात्रीसाहेब आणि फोनताई.

भाच्याने भिंतीवर रंगीत वर्तुळं दाखवली. एक वर्तुळ आज्यांचं, एक आयांचं, एक मुलींचं. तीन वर्तुळं एकमेकांपासून इतकी लांब होती की त्यांचं भांडण झालंय असं वाटावं.

"डेटा असं सांगतो, मावशी," भाचा म्हणाला, "की असं गाणं अस्तित्वात नाही. आणि जे अस्तित्वात नाही ते शोधायला दोन माणसं ठेवणं..."

मालकीणबाईंनी चष्मा काढला.

"पुसायच्या आधी एक गाणं ऐका, बाई," कात्रीसाहेब म्हणाले.

"कोणतं?"

" 'किल्ली'."

भाच्याने पटकन बोटं चालवली. "ते तपासलंय. आज्यांमध्ये शून्य. मुलींमध्येही जवळजवळ तेच."

"तुम्ही कोणता तुकडा तपासलात?"

"तुमचाच. मुखडा. तुमच्या फाइलीच तर आम्ही घेतल्या."

"म्हणजे माझी चूक तुम्ही रंगवून आणलीत," कात्रीसाहेब म्हणाले. "मी आज पूर्ण लावणार आहे."

"पूर्ण?" जाहिरातवाले म्हणाले. एखाद्याने पूर्ण बैल खाणार म्हटल्यावर विचारावं तसं.

त्यांनी लावलं. शीळ सुरू झाली आणि जाहिरातवाल्यांचा हात कोटाच्या खिशात गेला. फोन बाहेर आला. त्यांच्या गाडीच्या विम्याचं काम बरेच महिने अडकलं होतं. फोन बंद आहे हे पाहून त्यांनी तो टेबलावर पालथा ठेवला आणि इकडेतिकडे पाहिलं, आपल्याला कोणी पाहिलं का म्हणून. फोनताईंनी पाहिलं होतं.

मुखडा गेला. वाद्यं सुरू झाली. कात्रीसाहेबांनी मालकीणबाईंकडे पाहिलं. मालकीणबाई दगडासारख्या बसल्या होत्या. त्यांनी पायसुद्धा हलवला नाही. ट्रम्पेट संपत आला तरी नाही. सगळ्याच आज्या काही गुडघ्याच्या वर्गाला जात नाहीत, ही गोष्ट काल आनंदाच्या भरात कात्रीसाहेबांच्या डोक्यातच आली नव्हती. आणि ही आजी तर पायांवर उभी राहून दोन केंद्रं चालवत होती.

कडव्याला टेबलाखालून 'थप्' असा आवाज आला. भाच्याने एक पांढरा बूट उडवला होता. तो कात्रीसाहेबांच्या पायाला लागला. भाचा लाल झाला.

"सवयीने," तो म्हणाला.

"हे दोघं झाले," मालकीणबाई थंडपणे म्हणाल्या. "मी तीन म्हणाले होते. मला हे गाणं माहीत नाही."

कात्रीसाहेबांनी गाणं बंद केलं. खोलीत फक्त भाच्याच्या एका बुटाचा घासत घासत परत जाण्याचा आवाज होता.

"बाई," फोनताई म्हणाल्या. सासूच्या मोतीबिंदूबद्दल विचारायचा तोच आवाज. "तुम्ही मघाशी दोन्ही हातांनी गुडघे का दाबून धरले होते?"

मालकीणबाईंनी टेबलाखालून हात वर आणले आणि त्यांच्याकडे पाहिलं, जणू ते दुसऱ्या कोणाचे असावेत.

"नाहीतर वर जातात," त्या अखेर म्हणाल्या.

"किती दिवस झाले?"

"पावणेदोन वर्षं. मंगळवार-शुक्रवार." मग भाच्याकडे वळून, "तुझ्या आईला सांगायचं नाही. ती लगेच म्हणेल, आता बसव तिला घरी."

"नाही सांगणार, मावशी."

"ती पोरगी म्हणते, वाजतंय तोवर खाली ठेवायचा नाही," मालकीणबाई फोनताईंना सांगू लागल्या, "पण तुम्ही सांगा, या वयात..."

फोनताईंनी मान हलवून हलवून ऐकून घेतलं. ज्या कामाला कात्रीसाहेब वीस वर्षं संशोधन म्हणत होते ते नक्की कोण करत होतं, असा एक विचार त्यांना चाटून गेला. पण ती वेळ विचाराची नव्हती.

गुडघ्यांचं सांगून झाल्यावर मालकीणबाईंनी चष्मा न पुसता परत डोळ्यांवर चढवला. सगळ्या इमारतीत यापूर्वी असं कोणी पाहिलेलं नव्हतं.

"म्हणजे एका गाण्यात तीन गिऱ्हाइकं बसलेली आहेत," त्या म्हणाल्या, "आणि एकमेकांना ओळखत नाहीत."

"हो, बाई."

"शिळेनंतर विम्याची जाहिरात. ट्रम्पेटनंतर गुडघ्याच्या मलमाची. चपलांनंतर चपलांची." जाहिरातवाले आधीच लिहून घेत होते. "प्रत्येक गाण्याचे असेच तुकडे पाडता येतील?"

"शोधावं लागेल. कुठला भाग कुठल्या घरात गेलाय, ते फोन करून विचारल्याशिवाय कळणार नाही."

"मग विचारा. खातं राहील. काम वाढेल, पगार आहे तोच."

"आणि सॉफ्टवेअर?" भाचा म्हणाला.

"तेही घेते. तुझ्या आईला शब्द दिलाय. फोनताईंचे नंबर लावून देईल ते. फोनताई, त्याच्यावर लक्ष ठेवा."

कात्रीसाहेब उठले नाहीत. खातं वाचलं होतं; शहाण्या माणसाने अशा वेळी खोलीबाहेर पडावं. पण कालपासून त्यांच्या मनात एक गोष्ट अडकून बसली होती.

"बाई, पहिल्या दिवशी मात्र पूर्ण लावू. शेवटापर्यंत. मध्ये काही नाही."

जाहिरातवाल्यांचं पेन थांबलं. "साडेचार मिनिटं? नुसतं गाणं? का?"

"शेवट कसा आहे ते मी ऐकलेलं नाही," कात्रीसाहेब म्हणाले.

"तुम्ही कापलंय ना ते?"

"म्हणूनच."

"एकदाच," मालकीणबाई म्हणाल्या. "त्या दिवसापुरतं. दुसऱ्या दिवसापासून तुकडे."

उद्घाटनाच्या सकाळी केंद्रात फुलं होती, फुगे होते आणि भाषणं होती. कात्रीसाहेब गेले नाहीत. पोट बिघडल्याचं सांगून ते घरीच थांबले आणि जेवणाच्या टेबलावर त्यांनी रेडिओ लावला. आई शेजारी बसली. बायकोने डबा भरता भरता कान दिला. मुलगी शाळेची बॅग पाठीला लावून दारात उभी राहिली, आपला भाग झाला की जायचं म्हणून.

शीळ आली. "हे माझं," बायको म्हणाली, आणि तिने मुद्दाम हात मागे बांधून घेतले. मुखडा आला; त्यावर कोणी हक्क सांगितला नाही, म्हणून कात्रीसाहेब म्हणाले, "हे माझं." कोणी हरकत घेतली नाही. ट्रम्पेट आला, आईचे पाय टेबलाखाली वर गेले आणि टेबलावरचे कप किणकिणले. चपलांचं कडवं आलं. मुलगी म्हणाली, "एवढं स्लो? कसंतरीच वाटतं." तरी पायातला एक बूट तिने काढून पाहिलाच.

मग मुखडा परत एकदा होऊन शेवटचं कडवं लागलं. वाद्यं मागे पडली. गाणारा माणूस आता गात नव्हता, जवळजवळ बोलत होता. शेजाऱ्यांकडे किल्ली ठेवलीय, म्हणत होता. आलीस तर दार जरा उचलून ढकल, अडकतं. मी नसलो घरी तर चहा करून घे. साखर जुन्याच डब्यात आहे.

एवढंच होतं. या भागाला करायचं असं कोणाकडे काही नव्हतं. बायकोच्या हातात डब्याचं झाकण होतं, ते तसंच राहिलं. आईने पाय खाली टेकवले. मुलगी दारातून आत येऊन एक बूट हातात घेऊन खुर्चीच्या कडेला बसली. शेवटी परत ती शीळ आली, एकदाच, जिना उतरताना ऐकू यावी तशी लांब गेली, आणि संपली.

लगेच निवेदकाने मोठ्या आवाजात "घर एक, रेडिओ एक" म्हटलं. कात्रीसाहेबांनी आवाज बारीक केला.

"हे छान होतं," आई म्हणाली. "हे मी कधी ऐकलं नव्हतं. कुठलं रे गाणं?"

"तेच, आई. तेच गाणं. शेवट होता त्याचा."

"छे," आई म्हणाली आणि कप उचलला. "ते पायाचं होतं. हे वेगळं."